ऐनाच्या झाडावरचा कोश

तोड्याच्या बंदुकीची लोखंडी नळी लाकडी दस्त्याशी जखडून ठेवण्यासाठी दख्खनच्या मुलखात एके काळी एका रानपतंगाचा कोश उपयोगात आणीत असत, ही गोष्ट कर्नल विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली नसती, तर ती त्या बंदुकांबरोबरच विस्मृतीत गेली असती. कोश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मळसूत्राच्या वळणाने कापीत नेला, की त्याची एक लांब, अखंड पट्टी निघे. ती नळी आणि दस्ता यांभोवती आवळून गुंडाळीत, आणि साइक्सच्या सांगण्याप्रमाणे ती चामड्याच्या वादीपेक्षा अधिक टिके. पावसाने कुजत नसे आणि रंजकाच्या जाळाने सहसा पेट घेत नसे. रेशमाचा असा लष्करी उपयोग इतरत्र कोठे होत असेल तर तो माझ्या वाचनात नाही. ज्या वस्तूचे नाव काढताच पैठणीचा पदर डोळ्यांपुढे यावा, ती आमच्या पूर्वजांनी बंदुकीला बांधावी, यात त्या काळच्या महाराष्ट्राच्या स्वभावाचे थोडेसे दर्शन घडते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होऊ नये.

साइक्स हा मोठा विचक्षण गृहस्थ. १७९० मध्ये जन्मलेला हा कंपनी सरकारचा शिपाई १८१७ च्या खडकीच्या लढाईत एतद्देशीय पलटणीच्या शिपायांवर अधिकारी होता. म्हणजे ज्या बंदुकांच्या बांधणीचे त्याने पुढे इतके बारकाईने वर्णन केले, त्यांच्या माऱ्यासमोर तो स्वतः उभा राहिला होता. पेशवाई बुडाल्यावर १८२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याला मुंबई सरकारचा 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' नेमले, आणि नव्याने हाती आलेल्या मुलखाची लोकसंख्या, शेतजमिनी, पिके, भाव आणि हवामान यांची मोजदाद करीत तो दख्खनभर हिंडला. जमाबंदीच्या तपशिलाबरोबर पशुपक्ष्यांचीही नोंद ठेवण्याची त्याला हौस होती. दख्खनच्या पक्ष्यांची त्याने केलेली यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर थोड्याच काळात रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथात त्याने 'कोलिसुरा' नावाच्या दख्खनी रेशीमकिड्याची हकीकत दिली. पुढे हाच गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला. बंदूक, पतंग आणि महसूल या तिन्ही विषयांत सारखेच लक्ष घालणारी माणसे राज्य चालविण्याच्या कामी किती उपयोगी पडत, याचा विचार इतिहासकारांनी अवश्य करावा. आपल्याला येथे पतंगापुरतेच पाहावयाचे आहे.

आता मावळच्या अभिमान्यांनी लगेच हा कोश मावळ्यांच्या खांद्यावर चढवू नये. मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ याने नोंदविल्याप्रमाणे मावळे तलवारीचे आणि कोकणातले हेटकरी नेमबाजीचे म्हणून ख्यात होते, आणि त्यामुळे कोशाच्या पट्टीने बांधलेली बंदूक बारा मावळांपेक्षा घाटाखाली अधिक दिसत असेल, असा संभव आहे. तथापि ज्या मुलखात या पट्टीची खरी गरज भासावी तो मुलूख मात्र मावळचाच होता. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाकाठी साधारणपणे साडेचार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. आषाढ-श्रावणात लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग आणि तिकोना हे किल्ले आठवडेच्या आठवडे धुक्यात बुडालेले असतात, आणि अशा हवेत कातड्याचे पट्टे बुरशी धरून सडतात, हे गडकऱ्यांना कोणी शिकवावयास नको होते. ज्या कोशात एक नाजूक प्राणी आठ-आठ महिने उन्हापावसात सुखरूप राहतो, त्या कोशाची चिवटाई ज्याने प्रथम हेरली, त्याचे नाव कोणत्याही दफ्तरात नसले तरी तो चांगला कारागीर असला पाहिजे.

हा पतंग म्हणजे आपला तसर. शास्त्रज्ञ त्याला अँथेरिया मायलिटा म्हणतात. साइक्सच्या काळी तो बॉम्बिक्स पॅफिया या नावाने ओळखला जाई. पंख पसरले असता तो वीतभर भरतो. मादी पिवळसर, क्वचित राखी छटेची, अंगाने स्थूल, आणि पोटात दीडदोनशे अंडी असल्यामुळे उडण्याच्या कामी मंद. नर तिच्याहून आटोपशीर, बहुधा विटकरी अथवा तांबूस तपकिरी रंगाचा, पंखांच्या टोकांना किंचित बाक असलेला, आणि कपाळावर फणीच्या दात्यांप्रमाणे दुतर्फा फाटलेल्या दोन रुंद मिशा मिरविणारा. या मिशा शोभेच्या नाहीत. अंधाऱ्या रानात कोसभर अंतरावरून येणारा मादीचा गंध याच मिशांनी तो टिपतो. परंतु ज्याने या पतंगाला एकदा पाहिले आहे त्याच्या स्मरणात राहतात त्या चारी पंखांवरच्या चार डोळ्यांसारख्या खुणा. प्रत्येक खुणेच्या मध्यभागी अभ्रकाच्या तुकड्यासारखी पारदर्शक खिडकी असते, तिच्याभोवती पिवळे, तांबडे आणि काळसर असे बारीक वलय, आणि पंखांच्या कडेला समांतर गेलेली एक फिकट रेघ. पतंग भिंतीवर बसला असता त्या खिडक्यांतून मागचा चुना दिसतो, पानावर बसला असता पानाची हिरवाई दिसते. म्हणजे त्याच्या अंगावरचा चौथाई रंग तो ज्या जागी बसेल तिथून उसना घेत असतो.

मावळातील रानांत याच कुळातला दुसरा एक पतंग आढळतो आणि देखणेपणाच्या बाबतीत त्याच्यापुढे तसराने मान खाली घालावी. तो चंद्रपतंग. त्याचा देह कापसासारखा पांढरा, पंख फिकट हिरवे, पुढच्या पंखांच्या वरच्या काठाला डाळिंबी किनार, आणि मागच्या पंखांना किंचित पीळ पडलेल्या दोन लांब शेपट्या. परंतु चंद्रपतंगाच्या कोशाचे रेशीम उकलण्याजोगे नसते, त्यामुळे त्याचा इतिहास कोणी लिहिला नाही. मनुष्यप्राणी ज्याचा उपयोग करतो त्याचीच बखर ठेवतो, हा नियम येथेही लागू पडला.

या दोन्ही पतंगांना खाण्यासाठी तोंड असे नसतेच. अळीच्या अवस्थेत पोटात साठविलेल्या शिदोरीवर ते आपले आठवड्याभराचे आयुष्य काढतात, आणि त्या अवधीत मीलन व अंडी घालणे एवढेच कर्तव्य करून मरतात. खरे आयुष्य अळीचे. तसराची अळी हिरवीगार, अंगावर तुरळक केस आणि कडेला रुपेरी ठिपके असलेली. महिना-सव्वा महिन्यात ती चार वेळा कात टाकते आणि बोटाहून जाड होते. मग ती फांदीभोवती रेशमाचे एक कडे घालते, त्या कड्याला एक टणक देठ जोडते, आणि देठाच्या खाली लहानशा अंड्याएवढा कोश विणते. देठ आणि कडे यांमुळे पान गळून गेले तरी कोश फांदीला लटकत राहतो, आणि हीच व्यवस्था त्याच्या जन्मापेक्षाही मरणाला अधिक कारणीभूत होते; कसे, ते आता सांगावयाचे आहे.

तसराची अळी बोर, साग, अर्जुन अशी अनेक झाडे खाते. मात्र सह्याद्रीच्या पूर्व उतारावर तिचे मुख्य माहेर म्हणजे ऐन. मगरीच्या पाठीसारख्या खवल्यांच्या सालीचा हा वृक्ष आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत विपुल होता, आणि आजही वरकस जमिनीच्या कडेकडेने पुष्कळ ठिकाणी उभा आहे. पहिल्या पावसाच्या सुमारास, ज्येष्ठात, जुन्या कोशांतून पतंग बाहेर पडतात. त्यांची पिले श्रावणाअखेर कोश करतात. त्या कोशांतून भाद्रपदात दुसरी पिढी निघते आणि तिची पिले आश्विन-कार्तिकात जे कोश विणतात ते पुढच्या ज्येष्ठापर्यंत बंद राहतात. हिवाळा आणि उन्हाळा मिळून सात-आठ महिने हा वंश ऐनाच्या फांद्यांवर, एका टणक कवचाच्या आत, निश्चेष्ट लटकलेला असतो.

आणि नेमके याच महिन्यांत मावळचा कुणबी कोयता कमरेला लावून ऐनावर चढतो. भाताच्या खाचरांत रोपे तयार करावयाची तर दाढ, म्हणजे रोपांच्या वाफ्याची जागा, भाजली पाहिजे, आणि दाढ भाजावयाची तर राब पाहिजे. मार्गशीर्षापासून माघापर्यंत ऐन, हिरडा, जांभूळ अशा झाडांच्या डहाळ्या तोडायच्या, त्यांचे भारे बांधून वाळवायचे, मग दाढीच्या जागेवर शेण, डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि वरून माती असे थर रचून चैत्र-वैशाखात, वाऱ्याची दिशा पाहून, पेटवून द्यायचे. असा हा शेकडो वर्षांचा शिरस्ता. राखेने जमीन भुसभुशीत होते, तणाचे बी जळते, रोप जोमदार येते. इंग्रजी शेतीतज्ज्ञांनी या पद्धतीला प्रथम नावे ठेवली आणि नंतर तिच्यातले मर्म कबूल केले. मात्र ज्या डहाळ्या राबाच्या थरांत जात, त्यांवर तसराचे कोश असत, आणि जे कोश कोणी हौसेने अथवा बंदुकीच्या पट्टीसाठी तोडून घेतले नसतील ते डहाळ्यांबरोबरच जळत, हे ओघानेच येते. मावळात तसर मुबलक असूनही तेथे रेशमाचा धंदा का उभा राहिला नाही, या प्रश्नाचे उत्तर मला या एका वस्तुस्थितीत दिसते. ऐनाचे झाड एकच, त्यावर हक्क सांगणारे दोन: भात आणि पतंग. आणि ज्या प्रांताने आंबेमोहोरासारखा तांदूळ खाल्ला, त्याने हा तंटा कोणाच्या बाजूने तोडला असेल, हे सांगण्यास पंचाची गरज नाही.

हे केवळ माझे तर्कट नव्हे, याची साक्ष दुसऱ्या एका मराठी मुलखात मिळते. वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांच्या रानांत हाच ऐन आहे आणि हाच पतंग आहे, पण तिकडे त्याला कोसा म्हणतात आणि त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसे जगत आली आहेत. तेथे ढिवर समाजातील लोक झाडावर अळ्या सोडतात, पावसाळ्यात आणि पुढे थंडीपर्यंत रानात खोपटी बांधून राहतात, कावळे, खारी, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांपासून त्यांचे रक्षण करतात; कोष्टी त्या धाग्याचे कापड विणतात, आणि त्या कापडाच्या काठावर करवतीच्या दात्यांची नक्षी काढून करवतकाठी लुगडे तयार होते. तसर पाळणारी माणसे त्या काळात आहाराविहाराचे कडक नेम पाळीत, असे एकोणिसाव्या शतकातील अनेक नोंदींवरून कळते. अळ्यांना विटाळ सोसत नाही, ही समजूत त्यामागे होती, आणि अळ्यांना रोग किती सहज लागतो हे पाहता त्या समजुतीच्या मुळाशी काही अनुभव असावा. भंडाऱ्याकडेही भात होते, तेथेही पावसाळा असतो. पण तिकडचा पाऊस मावळच्या मानाने कितीतरी बेताचा, आणि पाळणाऱ्यांचा मूळ धंदा तळ्यांतल्या मासेमारीचा. मावळात आवणीच्या दिवसांत घरातले पोरसोर धरून सगळी माणसे गुडघाभर चिखलात असतात. नेमक्या त्याच दिवसांत अळ्यांची राखण करण्यास रिकामा मनुष्य आणावा कोठून?

पुण्याच्या बाजारात रेशमाचा तुटवडा कधीच नव्हता. मात्र ते रेशीम मुख्यत्वे बाहेरचे. पुण्या-येवल्याच्या साळी-कोष्ट्यांच्या मागांवर चढणारे सूत मोठ्या प्रमाणावर चीनहून मुंबई बंदरात उतरे आणि बोरघाट चढून वर येई. म्हणजे खंडाळ्याच्या चढणीवर बैलांच्या पाठीवर परदेशी रेशीम चालले आहे आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना ऐनाच्या फांद्यांवर देशी रेशीम लटकते आहे, असा देखावा कित्येक दशके चालू होता. तसराचे कापड तेवढे ब्राह्मणी घरांतून प्रतिष्ठा पावले होते, आणि तेही सोवळ्याचा मुकटा म्हणून. पूजेच्या अथवा जेवणाच्या वेळी नेसावयाचे हे जाडेभरडे, मधाच्या रंगाचे वस्त्र धुतल्यावाचून पवित्र राहते, अशी मान्यता. कोश उकळत्या खाऱ्या पाण्यात टाकून आतला जीव मारल्याशिवाय त्याचा अखंड धागा निघत नाही, ही गोष्ट मुकटा नेसून वैश्वदेव करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होती, याची चौकशी करण्यात अर्थ नाही. त्यांच्या दृष्टीने ते वस्त्र कापसाचे नव्हते एवढे पुरेसे होते.

हा अडकून पडलेला धंदा सुरू करावा, अशी कल्पना पुण्यातील युरोपियनांना एकापेक्षा अधिक वेळा सुचली. १८३० नंतरच्या दशकात मुटी नावाच्या एका इटालियन गृहस्थाने पुण्यात तुतीची झाडे लावून पाळीव रेशीमकिड्यांचा प्रयोग केला, सरकारने त्याला उत्तेजन दिले, त्याने दख्खनमध्ये रेशीम कसे करावे याचे एक पुस्तकही लिहिले. पण दख्खनच्या उन्हाळ्यापुढे आणि रयतेच्या अनास्थेपुढे हा उपक्रम टिकला नाही. त्यानंतर चाळीस-एक वर्षांनी मेजर कूसमेकर या पुण्यातील लष्करी अधिकाऱ्याने तुतीचा नाद सोडून रानातल्या तसराकडेच मोर्चा वळविला. तो काळही अनुकूल होता. इंग्लंडात लीक गावचा रंगारी टॉमस वॉर्डल याने तसराचा मूळचा मातकट रंग काढून त्यावर हवा तो रंग चढविण्याची युक्ती साधली होती, १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचे नमुने झळकले, आणि हिंदुस्थानातील रानरेशमांवर त्याने १८८१ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात पुण्याच्या कूसमेकरचे नाव आदराने येते. कूसमेकरने कोश गोळा केले, अळ्या पाळल्या, कोणते पान त्यांना मानवते याच्या कसोट्या घेतल्या, आणि जेम्स कॅम्पबेल याने संपादन केलेल्या पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये या खटपटीची सविस्तर हकीकत आली आहे.

ती हकीकत वाचताना मनुष्य चकित होतो तो एका साध्या गोष्टीने: पुरुषार्थ, पैसा आणि सरकारी पाठबळ असूनही तसर हा मुळात पाळीव होण्यास राजी नाही. तुतीचा रेशीमकिडा हजारो वर्षांच्या पोसण्याने इतका परावलंबी झाला आहे की त्याची अळी पुढ्यातल्या पानावरून हलत नाही आणि त्याच्या पतंगाला धड उडताही येत नाही. तसराची अळी मात्र पाने आवडली नाहीत तर चालू लागते, आणि पतंग नर असला तर खिडकी उघडी सापडताच पसार होतो. मोकळ्या झाडावर ठेवावे तर पक्षी आणि मुंग्या, घरात ठेवावे तर रोग. पुणे जिल्ह्यात तसराचा धंदा उभा राहिला नाही. याच सुमारास, म्हणजे १८७८ च्या जंगल कायद्यानंतर, ऐनाची पुष्कळशी झाडे राखीव रानांत गेली, राबासाठी डहाळ्या तोडण्याच्या जुन्या वहिवाटीवर बंधने आली, ठाणे-कुलाब्याकडे तर या प्रश्नावरून इतका कल्लोळ माजला की १८८५ मध्ये सरकारला मुंबई इलाख्याचे जंगल कमिशन बसवावे लागले. त्या सगळ्या वादात डहाळी कोणाची, कुणब्याची की सरकारची, एवढाच मुद्दा होता.

एकीकडे उपयोगाचा हा मार्ग खुंटत असताना दुसरीकडे केवळ रूपासाठी पतंग पाहणारी माणसे या डोंगरांत येऊ लागली होती. यांच्या शास्त्राचा उगमही मोठा गमतीचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संग्रहालयात फ्रेडरिक मूर नावाचा एक कर्मचारी १८४८ पासून काम करीत होता. हिंदुस्थानातून पेट्या भरभरून येणारे कीटक पाहून, जुळवून, नावे देऊन त्याने आयुष्य काढले. १८८० नंतर त्याने लंकेच्या पतंग-फुलपाखरांवर जे मोठे ग्रंथ लिहिले त्यांत १८८२ मध्ये एका अजस्र पतंगाला ॲटॅकस टॅप्रोबॅनिस असे नाव दिले. प्राचीन ग्रीक लोक लंकेला टॅप्रोबेन म्हणत, त्यावरून. पंखांचा विस्तार अर्ध्या हाताच्या आसपास, रंग दालचिनीसारखा, चारी पंखांवर त्रिकोणी पारदर्शक खिडक्या, आणि पुढच्या पंखाचे टोक असे वळलेले की त्यात सापाच्या डोक्याचा भास व्हावा. नाव बेटाचे असले तरी प्राणी बेटापुरता नाही. दक्षिण हिंदुस्थानातही तो राहतो. कोकणपट्टीत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे त्याच्या कुळातला असा राक्षसी पतंग पावसाळ्यात कोणाच्या तरी ओसरीवर येऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते. बेटांवर या कुळाने आपापले निराळे अवतार घेतले आहेत: अंदमानात चंद्रपतंगाची स्वतंत्र जात आहे, आणि मादागास्करातील त्याच्या भाऊबंदाच्या पिवळ्या पंखांना वीतभर लांब शेपट्या असतात. सह्याद्रीचा माथा हाही एका अर्थाने बेटच. पश्चिमेला कोकणची दमट सखल पट्टी आणि पूर्वेला देशावरचे कोरडे माळ यांच्यामध्ये अरुंद, ओल्या रानाची ही रांग दक्षिणोत्तर पसरलेली आहे, आणि लंकेतल्या अनेक जीवांचे सोयरे तिच्यावर आढळावेत यात नवल नाही.

मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत पतंगांचा अभ्यासक कर्नल चार्ल्स स्विन्हो होता, आणि साताऱ्यास जन्मलेला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून पुढे जकात-मिठाच्या खात्यात गेलेला, खुसखुशीत निबंध लिहिणारा ई. एच. एटकन होता, आणि त्यांच्या जोडीला प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन मराठी वैद्यकपदवीधरही होते. स्विन्होने मुंबई आणि दख्खनच्या पतंगांची व फुलपाखरांची यादी १८८५ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत सादर केली, ई. सी. कोट्स याच्याबरोबर हिंदुस्थानच्या पतंगांची सूची रचली, आणि निलगिरीत चहाचा मळा चालविणाऱ्या जॉर्ज हॅम्पसनने १८९२ ते १८९६ या अवधीत पतंगांवरचे चार जाडजूड ग्रंथ लिहून त्या साऱ्या ज्ञानाला एक कायमची चौकट दिली. या कामात मराठी माणूस पहिल्या दिवसापासून हजर असूनही मराठी भाषेत त्याचा अंश फार थोडा उतरला, याचे मला राहून राहून वैषम्य वाटते. आमच्या कवींनी दिव्यावर झडप घालून जळणारा पतंग शेकडो वेळा रंगविला. पण त्याच्या पंखांवर काय असते हे पाहण्यासाठी दिवा जरा बाजूला सरकवावा, असे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना वाटले.

दिव्याचा विषय निघालाच आहे, तर लोणावळ्याविषयी सांगितले पाहिजे. १८५८ मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, आणि १८६३ मध्ये घाटाची अवघड चढण पुरी होऊन ती थेट मुंबईला जोडली गेली. तोपर्यंत मधल्या टप्प्यात उतारूंना पालखीने अगर छकड्याने घाट चढावा लागे. गाडीबरोबर इंजिने बदलण्याचे ठाणे आले, कामगारांची वस्ती आली, आणि मागोमाग मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले आले. मग १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या वीजघराने काम सुरू केले: लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे अडविलेले मावळचे पाणी नळांतून सुमारे १,७०० फूट खाली कोसळवून त्यापासून काढलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. धरणांखाली खाचरे गेली, घरे गेली. शेजारच्या मुळशीत तर १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला. या उलथापालथीपुढे पतंगांची गोष्ट काढणे कदाचित कोणाला हलकेपणाचे वाटेल. पण ज्या पाण्यावर मावळची भातशेती चाले त्याच पाण्याच्या विजेने मावळातल्या रात्री बदलल्या, आणि त्या बदलाची पहिली झळ रात्रिंचर जीवांना लागली, हेही खरेच आहे.

दिव्याशी येणारे मोठे पतंग बहुतकरून नर असतात. मादी आपल्या कोशाजवळच बसून गंध सोडते. नर तिच्या शोधात निघतात, आणि वाटेत बंगल्याच्या व्हरांड्यातला पांढरा दिवा लागला की त्यांचा मार्ग चुकतो. सकाळी चौकीदाराला भिंतीशी जो तसर अथवा चंद्रपतंग फडफडताना दिसतो, त्याच्या आठवड्याच्या आयुष्यातली एक रात्र फुकट गेलेली असते, आणि तिकडे रानात एखादी मादी अफलित अंडी घालून मोकळी होते. पूर्वी राबाच्या आगीत कोश जळत, पण तो तोटा वर्षानुवर्षे ठरावीक राही आणि उरलेल्या डहाळ्यांवरचे कोश वंश चालवीत. दिव्यांची संख्या मात्र दरसाल वाढते आहे. शिवाय रासायनिक खते आल्यापासून राब पुष्कळ ठिकाणी मागे पडला, वडगावच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेल्या इंद्रायणी तांदळाने आंबेमोहोराची जागा घेतली, आणि ऐनाच्या डहाळीची कुणब्याला जी गरज होती ती उरली नाही. त्यामुळे डहाळी वाचली खरी, पण झाडालाच धक्का बसू लागला. कारण ज्याला राबासाठी ऐन हवा होता तो झाड मुळासकट कधीच तोडीत नसे, आणि ज्याला बंगल्यासाठी प्लॉट हवा असतो त्याला झाडाची फांदी आणि खोड यांत भेद दिसत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये निळ्या-काळ्या नीलवंत फुलपाखराला राज्य-फुलपाखराचा मान दिला. तो योग्यच झाला. मात्र रात्री उडणाऱ्यांच्या बाजूने असा एखादा ठराव मांडणारा सभासद अजून निघालेला नाही.

ज्याला हा कोश पाहावयाचा असेल त्याने माघ-फाल्गुनात, ऐनाची पाने गळून गेल्यावर, लोहगडाच्या पायथ्याकडे अथवा राजमाचीच्या वाटेवर जावे आणि बोडक्या फांद्यांकडे मान वर करून पाहावे. पाने असताना तो दिसत नाही. देठाकडच्या टोकाला ओबडधोबड छिद्र असेल तर पतंग केव्हाच निघून गेला आहे. कुशीत एखादे बारीक, नेटके भोक असेल तर आतल्या जिवाला परोपजीवी माशीने खाल्ले आहे. आणि छिद्र कोठेच नसून हाताला कोश जड लागत असेल, तर तो ज्येष्ठापर्यंत तेथेच असू द्यावा आणि रोहिणीच्या पावसानंतर चार-आठ दिवसांनी संध्याकाळी पुन्हा यावे. पतंग बहुधा काळोख पडल्यावरच बाहेर येतो, आणि पंख वाळून ताठ होण्यास त्याला पुष्कळ वेळ लागतो, म्हणून बरोबर कंदील आणला असेल तर तो झाकून ठेवावा.